गलबत १७२१ : लिहून खेळायच्या रोलप्लेच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४

मराठीत लेखी रोलप्ले चालवायचा, एवढं नक्की झालं. टेबलाभोवती बसायचं नाही. प्रत्येकाने सवडीने आपल्या पात्राचा उतारा लिहायचा आणि पुढच्याने तिथून धागा उचलायचा. खेळाडू सहा आहेत. रत्नागिरीच्या एक शिक्षिका, ज्यांना सगळे मॅडमच म्हणतात. ठाण्याचा एक सॉफ्टवेअरवाला. पुण्यातली कॉलेजची दोन मुलं. मडगावचे बँकेतून निवृत्त झालेले काका. आणि न्यू जर्सीची एक ताई. सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, मी.

काळ १७२१, नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं एक गलबत, ठाणं विजयदुर्ग. ड्रॅगन आणि एल्फांच्या जगात मराठी लिहायला बसलं की वाक्यं भाषांतरासारखी येतात, हे आमच्यातल्या दोघांनी आधी अनुभवलं होतं. इथे शब्द तयार आहेत : तांडेल (खलाशांचा म्होरक्या), सुकाणू, शीड, वल्हं, गोलंदाज, दस्तक. नाट्यही तयार आहे. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं व्यापारी जहाज दिसलं की ते पकडायचं, हा या गलबताचा रोजचा धंदा. आदल्याच वर्षी इंग्रजांचा विजयदुर्गावरचा हल्ला फसलेला, आणि येत्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर येणार. एका हंगामाला एवढं पुष्कळ.

डाव मुक्त ठेवायचा असं ठरलं. फासे नाहीत, आकडे नाहीत, तक्ते नाहीत. मुक्त रोलप्लेत सगळीकडे चालतात त्या तीन प्रथा तेवढ्या घेतल्या. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. कोणावर वार केला तर फक्त प्रयत्न लिहायचा, लागला की नाही ते ज्याच्यावर वार झाला तो लिहील. आणि पात्राबाहेरच्या गप्पांना वेगळी ऑनलाइन खोली. तिचं नाव ‘ओटी’.

२१ जुलै

पात्रं आली. ठाणेकराने गोलंदाजाची जन्मकथा तीन पानांत लिहिली, पुण्याच्या एका मुलाने सुकाणूवाल्याची त्याहून मोठी. वाचली कोणीच नाही. ओटीवर विचारलं तेव्हा सगळ्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. म्हणून पात्रासाठी तीनच वाक्यं ठेवली : जहाजावर याचं काम काय, हा कोणाचं काय देणं लागतो, आणि बाकीच्यांना याच्याबद्दल काय माहीत आहे. तिसरं वाक्य सगळ्यांत उपयोगी ठरतंय, कारण त्याने दुसऱ्याला लिहायला जागा मिळते. मॅडमच्या तांडेलाबद्दल ‘वादळात एकदा एका माणसाला मागे सोडून आला, असं म्हणतात’ एवढंच आहे, आणि त्यावर आत्ताच चौघांचे डोळे लागलेत.

पात्रवाटप : मॅडम तांडेल, ठाणेकर गोलंदाज, पुण्याचा मोठा सुकाणूवर, धाकटा नवखा खलाशी, काका लुटीचा हिशेब ठेवणारे कारकून, ताई जहाजाची सुतार. १७२१च्या गलबतावर बाई सुतार कशी, असा प्रश्न काकांनी विचारला. ताईचं पात्र पुरुषच आहे, असं उत्तर आलं आणि विषय मिटला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मुद्दाम याच दिवशी सुरुवात. काल रात्रीपासून उतारे येऊ लागले आणि ते सुंदर आहेत. नारळ समुद्राला देतानाचा तांडेलाचा उतारा, वाघोटनच्या खाडीतून बाहेर पडताना भरतीची वाट बघणं, लुटीतला वाटा कसा ठरणार यावरून कारकून आणि गोलंदाज यांच्यात उडालेली ठिणगी. यातल्या कशालाच नियम लागला नाही, आणि फासे असते तर हे आलं नसतं असं माझं ठाम मत आहे. दोन पात्रं बोलत असतात तेव्हा मुक्त खेळासारखं काही नाही.

३१ ऑगस्ट

पहिला पाठलाग, आणि डाव अडकला.

देवगडच्या पुढे दस्तक नसलेलं एक जहाज दिसलं. रात्री दहाच्या सुमारास गोलंदाजाने लिहिलं की पहिल्याच गोळ्याने त्याची डोलकाठी मोडली. साधारण त्याच वेळी सुकाणूवाला लिहीत होता की वारा पडला आणि ते जहाज तोफेच्या टप्प्याबाहेर निसटलं. दोन्ही उतारे काही मिनिटांच्या अंतराने आले. आमच्या प्रथांप्रमाणे दोघांचंही बरोबर होतं, कारण कोणी कोणाच्या पात्राला हात लावला नव्हता. पण ते परकं जहाज कोणाचं? वारा कोणाचा? याबद्दल आमची एकही प्रथा नव्हती.

मग जे व्हायचं तेच झालं. काकांनी मोडलेली डोलकाठी धरून पुढचा उतारा लिहिला, मॅडमनी पडलेला वारा धरून. मध्यरात्रीपर्यंत एका जहाजाच्या दोन गोष्टी चालू होत्या. ओटीवर ‘हा रडीचा डाव आहे’ इथपर्यंत मजल गेली. सकाळी ताईचा निरोप आला : “मी शेवटचं वाचलं तेव्हा आपण बंदरात होतो. आता उघडलं तर लढाई संपलीसुद्धा. सुताराने करायचं काय?”

उपाय म्हणून जहाज दिसल्यापासूनचे सगळे उतारे मागे घेतले. गोलंदाजाने त्यावर दोन तास घातले होते, तो नाराज झाला आणि ते साहजिक होतं. आठवडा गेला. कोणी असा डाव चालवणार असेल तर एक करा : मागे घेतलेलं लेखन पुसू नका, दुसऱ्या खोलीत हलवा. (नंतरची भर : गोलंदाजाचा तोफ ठासण्याचा उतारा नोव्हेंबरातल्या लढाईत जसाच्या तसा कामी आला.)

५ सप्टेंबर

आतापर्यंतचे सगळे उतारे पुन्हा वाचले आणि प्रत्येकापुढे एकच खूण केली : या उताऱ्याने जहाजाचं काही बदललं का? दिशा, वेग, शत्रू, माल, काहीही. बदल करणारे उतारे जवळजवळ सगळे दोघांचेच निघाले, गोलंदाज आणि सुकाणूवाला. दोघेही रात्री नऊ ते बारा ऑनलाइन असतात. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा ते दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि ताई ऑफिसात असते. मॅडमच्या घरी त्या वेळी स्वयंपाकघर आवरणं चालू असतं. काका एरवी दहाला झोपतात.

मुक्त खेळात नियम नसतात असं म्हणतात. आमच्याकडे एक नियम अगदी कडक चालू होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता : जो आधी लिहील त्याचं खरं. त्या नियमाने ज्याच्याकडे मोकळा वेळ जास्त आणि लिहिण्याचा वेग जास्त, त्याच्याच हाती जहाज जातं. यात कोणाची लबाडी नाही. दोघेही मनापासून खेळत होते. पण बाकीचे चौघे हळूहळू प्रेक्षक होत होते, आणि प्रेक्षक झालेला माणूस दोन आठवड्यांत लिहायचं थांबवतो.

परवा गणपती. निम्मे खलाशी गावाला जाणार, त्यामुळे दीड आठवडा सुट्टी. त्यानिमित्ताने गैरहजेरीची सोय झाली. प्रत्येकाने एक ‘कायमचा हुकूम’ लिहून ठेवायचा, म्हणजे मी नसलो तर माझं पात्र काय करतं. सुताराचा हुकूम : आधी पाणी शिरणं थांबवतो, मग बाकीचं. कारकुनाचा : हिशेबाची वही घेऊन खाली जातो.

२२ सप्टेंबर

सुट्टीनंतर पहिली दुरुस्ती करून पाहिली. वारा, समुद्र, परकी जहाजं, किनारा हे सगळं सूत्रधाराचं. खेळाडूने प्रयत्न लिहायचा, निकाल मी द्यायचा.

ही कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ होता. लेफ्टनंट राइसविट्झने १८२४मध्ये त्याचे नियम छापले : फासे, तोफेच्या माऱ्याचे तक्ते, हानीचे हिशेब. त्या तक्त्यांत खेळ इतका जड झाला की १८७६मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने ते बाजूला सारले आणि अनुभवी पंच जे सांगेल तो निकाल, अशी मुक्त पद्धत मांडली. आम्ही दीडशे वर्षांनी त्याच दोन टोकांमध्ये हेलपाटे घालतोय. फरक एवढाच की त्या पंचाने खरी लढाई पाहिलेली होती आणि समोरचे कनिष्ठ अधिकारी त्याचा शब्द मानायला बांधलेले होते. मी कधी शिडाच्या होडीचं सुकाणूही धरलेलं नाही.

दोन अडचणी लगेच दिसल्या. एक, प्रत्येक कृतीमागे ‘सूत्रधार, जमलं का?’ असा प्रश्न आणि त्याच्या उत्तरासाठी एक दिवस. लेखी खेळात वेळ खातात ते हेच प्रश्नोत्तरांचे हेलपाटे, लिहिणं नव्हे. दुसरी अडचण जास्त गंभीर. सलग तीन निकाल सुकाणूवाल्याच्या बाजूने गेले. तसे ते जाणारच होते, कारण त्याच्या कल्पना चांगल्या होत्या. पण गोलंदाजाने खाजगीत विचारलं, ‘दादा, मी काही चुकीचं बोललो का?’ त्याच्या मनात हा प्रश्न आला, तिथेच ही पद्धत आमच्यासाठी संपली. निकाल माणसाने दिला की त्यात माणसाची मर्जी दिसते, नसली तरी.

२९ सप्टेंबर

पक्के नियम आणायचे, असं मतदान झालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या प्रसिद्ध रोलप्ले खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भग्रंथ जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की भाषांतर करून वापरता येतो, पैसे लागत नाहीत. आम्ही जादू, प्राणी, देवदेवता सगळं वगळून लढाई, कौशल्यं आणि इजा एवढाच भाग मराठीत घेतला. मॅडम आणि मी मिळून हे केलं, आणि महिन्याचा उरलेला सगळा मोकळा वेळ त्यात गेला. वीस बाजूंचा फासा टाकण्यासाठी फुकटचा बॉट लावला.

२० ऑक्टोबर

नोंद लिहायला उशीर झाला, कारण आम्ही अजून त्याच लढाईत आहोत.

हे नियम टेबलासाठी बनलेले आहेत. तिथे ते उत्तम चालतात. लढाई फेऱ्यांत वाटलेली असते, एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. फेरीत प्रत्येकाची पाळी ठरलेली. टेबलावर सहा खेळाडूंची फेरी पाव तासात होते. लेखी खेळात माझी पाळी आली की मी आज रात्री लिहिणार, माझ्यानंतरची ताई उद्या सकाळी, तिच्यानंतरचे काका त्यानंतर. सहा खेळाडू आणि सातवा शत्रू, प्रत्येकी एक दिवस धरला तरी सहा सेकंदांना आठवडा लागतो. आमची माणसं शत्रूच्या डेकवर उडी मारून चढली तेव्हा नवरात्र चालू होतं. अजून निम्मी तिथेच लटकली आहेत.

त्याहून वाईट वाटलं ते लेखनाचं. ऑगस्टमध्ये खाडीतली भरती लिहिणारा माणूस आता ‘वार करतो. १४. नुकसान ५.’ एवढंच लिहितोय. मी त्याला दोष देत नाही. पुढच्या माणसाची पाळी अडकू नये म्हणून तो घाईत लिहितो, आणि आकडा आल्यावर वेगळं सांगायला काही उरत नाही.

तिसरी गोष्ट फाशाची. आमचा गोलंदाज आरमारातला नावाजलेला. त्याच्या फाशात पाच मिळवायचे आणि बेरीज पंधरा किंवा जास्त करायची, म्हणजे वीसपैकी अकरा आकड्यांवर नेम लागतो. शंभरात पंचावन्न. टेबलावर नेम चुकला तर पुढची पाळी थोड्या वेळात येते. आमच्याकडे नेम चुकला की त्याचा अख्खा आठवडा ‘चुकला’ या एका शब्दात जातो. तीन फेऱ्या लागोपाठ चुकल्यावर तो ओटीवरही बोलेनासा झाला.

टेबलाचे नियम लेखी खेळात वापरायचेच असतील तर काही गोष्टींनी फरक पडतो, त्या लिहून ठेवतो. पाळीचा क्रम सोडा; खेळाडू एका गटात आणि शत्रू दुसऱ्या गटात, आपल्या गटात कोणीही आधी लिहावं. नेमाचा आणि नुकसानीचा फासा एकदमच टाका. शत्रूचा बचावाचा आकडा लपवू नका, उघड लिहा, म्हणजे खेळाडूला आपला निकाल आपणच लिहिता येतो. आणि ‘समोरचा पडला तर मी पुढच्यावर जातो’ असे जर-तरचे हुकूम चालू द्या. एवढं केल्यावर आठवड्याची फेरी तीन दिवसांवर आली. लेखन मात्र कोरडंच राहिलं.

काकांच्या सुचवणीवरून कवड्याही करून पाहिल्या. सारीपाटाच्या जुन्या सात कवड्या त्यांच्याकडे आहेत. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. काळाला शोभणारी कल्पना होती आणि सगळ्यांना ती फार आवडली. पण कवडीची पाठ आणि पोट सारखं नसतं. काकांच्या कवड्या एका अंगावर स्पष्टपणे जास्त पडत होत्या आणि ताईने तिकडे विकत घेतलेल्या लहान कवड्या वेगळ्याच प्रमाणात. शिवाय एकाच्या घरच्या कवड्यांचा निकाल बाकीच्यांना दिसत नाही. सहा जणांच्या सहा वेगळ्या कवड्यांच्या संचांवर एकच कोष्टक बसेना, म्हणून सोडून दिलं. एकाच घरात बसून खेळणाऱ्यांनी जरूर वापराव्यात.

बॉटबद्दल एक सूचना. फाशाचा निकाल आणि उतारा एकाच संदेशात ठेवू नका. उतारा नंतर दुरुस्त करता यायला हवा आणि फासा करता येता कामा नये. फाशांसाठी वेगळी खोली ठेवली की संशयालाच जागा राहत नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत लढाई सगळ्यांच्या संमतीने एका उताऱ्यात संपवली आणि नियम नव्याने मांडले. दोन साधे सहा बाजूंचे फासे, बेरीज, त्यात पात्राचं कौशल्य शून्य, एक किंवा दोन. दहा किंवा जास्त आले तर जमलं. सात ते नऊ आले तर जमलं, पण काहीतरी मोजावं लागलं. सहा किंवा कमी आले तर संकट. ही पायरी व्हिन्सेंट बेकरच्या २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातून आली आणि तिच्यावर नंतर कितीतरी खेळ उभे राहिले. आम्ही त्यातली फक्त पायरी घेतली.

हिशेब असा. छत्तीसपैकी किती वेळा काय येतं : कौशल्य शून्य असेल तर पूर्ण यश ६, किंमत देऊन यश १५, संकट १५. कौशल्य एक असेल तर १०, १६, १०. दोन असेल तर १५, १५, ६. म्हणजे आमचा गोलंदाज आता सहांतून एकदाच फसतो, आणि फसला तरी ‘चुकला’ लिहून थांबत नाही, तिथे नवं संकट उभं राहतं.

पण आम्हाला ही पद्धत मानवली त्याचं खरं कारण वेगळं आहे. पायरी सगळ्यांना पाठ असते आणि समोरच्याचा कुठलाही लपलेला आकडा लागत नाही. त्यामुळे खेळाडू हेतू, फासा आणि निकाल सगळं एका बसणीत लिहितो. माझ्याकडे विचारायला येत नाही, आणि तो हेलपाटा वाचतो. शिवाय सात ते नऊची पायरी लेखकाला काम देते. ‘जमलं, पण’ यातल्या पणच्या पुढे उतारा लिहावाच लागतो.

‘पण’च्या पुढे काय, हे प्रत्येक वेळी मला विचारलं तर पुन्हा तेच. म्हणून प्रसंगाच्या सुरुवातीला मी धोक्यांची पाटी लावतो. उदाहरणार्थ : बुडालेले खडक, ओहोटी, ओली झालेली तोफेची दारू, किनाऱ्यावरचे पाहणारे डोळे. किंमत त्यातूनच, खेळाडूने स्वतः निवडायची.

फासा कधी टाकायचा, हा सगळ्यांत मोठा प्रश्न होता. त्यावर ओटीवर दोन संध्याकाळ चर्चा झाली आणि तीन प्रसंग उरले. दुसऱ्याच्या पात्राला, वस्तूला किंवा जागेला त्याच्या संमतीशिवाय धक्का लागणार असेल तेव्हा. दोन खेळाडूंना एकाच गोष्टीचे उलटे निकाल हवे असतील तेव्हा. आणि कृतीमुळे अख्ख्या जहाजाचं भवितव्य बदलणार असेल तेव्हा. बाकी सगळं मुक्त. स्वयंपाक, शिवणकाम, भांडण, आठवणी, गाणी, देवाला गाऱ्हाणं, कशालाही फासा नाही.

वेळेचा नियम : प्रत्येक प्रसंगाला अठ्ठेचाळीस तासांची खिडकी. त्यात प्रत्येकाची एकच कृती, आणि आधी लिहिलं की नंतर याने फरक पडत नाही. खिडकी मिटली की मी सगळं एकत्र बांधतो. जो आला नाही त्याचा कायमचा हुकूम लागू. योगायोग असा की आजच अमेरिकेत घड्याळं मागे गेली आणि ताईचं अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांवर गेलं. आता त्याने काही बिघडत नाही.

१७ नोव्हेंबर

नव्या नियमांवर पहिली मोठी लढाई, खांदेरीच्या दक्षिणेला. वारा पडलेला. आंग्र्यांच्या आरमाराची ओळखीची रीत अशी की गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, वल्ह्यांची गलबतं ओढत न्यायची आणि शत्रूच्या पिछाडीकडून भिडायचं, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. आम्ही दोर बांधून गुराब ओढत होतो.

तांडेलाने पिछाडी गाठायचा हुकूम दिला, फासा अकरा. सुकाणूवाल्याचे सात आले. त्याने पाटीवरून खडक निवडले आणि तळ घासल्याचा आवाज लिहिला. आणि इथे सुताराचा उतारा आला. ताईने सलग दोन पानं लिहिली : खालच्या अंधारात, कंबरभर पाण्यात, फळीला गोणपाट आणि डांबर ठोकत, वरून तोफांचे हादरे. फासा नऊ. गळती थांबली, पण तिने किंमत म्हणून ओली दारू निवडली. त्यामुळे पुढच्या खिडकीत गोलंदाजाच्या हाती एकच कोरडा बार उरला. ऑगस्टमधला तोफ ठासण्याचा उतारा तेव्हा त्याने काढला. त्याचे बारा आले.

अख्खी लढाई तीन खिडक्यांत झाली. सहाही जणांनी जहाजाचं काहीतरी बदललं. ५ सप्टेंबरची खूण करण्याची पद्धत मी पुन्हा वापरली तेव्हा खुणा सगळ्यांच्या नावापुढे पडल्या. या प्रकल्पात मला सर्वांत जास्त समाधान इथे मिळालं.

१ डिसेंबर

बोलण्याला फासा असावा का, यावर मतभेद. पकडलेल्या जहाजाच्या नाखव्याला कारकून पटवत होता आणि काकांनी फासा टाकला. ठाणेकर म्हणाला, छान लिहिलंय तर पटलंच समजा, फासा कशाला?

इथे धाकट्या पुणेकराचं उदाहरण सांगायला हवं. त्याचं मराठी लिहिणं अजून चाचपडत आहे, शाळा इंग्रजीतली. त्याचा खलाशी मात्र गोडबोल्या आहे, पात्राच्या तीन वाक्यांतच तसं लिहिलंय. छान लिहिणाऱ्याचंच पटणार असेल तर त्याचं पात्र कधीच कोणाला पटवू शकणार नाही, आणि मॅडमचा अबोल तांडेल मात्र सगळ्यांना पटवेल, कारण मॅडम तीस वर्षं मराठी शिकवतायत. सुरुवातीला जहाज वेगाने लिहिणाऱ्याकडे गेलं होतं. हा तोच प्रकार, फक्त इथे ते सुंदर लिहिणाऱ्याकडे जातं. तेव्हा सूत्रधाराच्या पात्रांना पटवायचं असेल तर फासा, आणि उतारा कितीही साधा असला तरी फाशाचं म्हणणं खरं. खेळाडूंच्या पात्रांमध्ये आपापसात मात्र फासा नाही. माझ्या पात्राचं मन दुसऱ्याच्या फाशाने बदललं तर ते पात्र माझं राहत नाही.

शिवाय नव्या खेळाडूला पहिल्या तीन फाशांत संकट आलं तर ते किमतीवर आणायचं. याचं नाव ‘कच्चा लिंबू’, ते समजावून सांगावं लागलं नाही.

१५ डिसेंबर

आधीपासून दिसत असलेली अडचण आता आली. कुलाब्यावरचा हल्ला डिसेंबर १७२१चा, आणि आमच्या सगळ्यांना तो माहीत आहे. तो फसला, बाजीराव पेशवे मदतीला आले, पोर्तुगीजांनी पुढे वेगळा तह केला, हे मॅडम झोपेतही सांगतील. सुकाणूवाल्याचं पात्र अचानक कुलाब्याच्या वाटेवर दारूगोळा साठवायला लागलं. विचारलं तर म्हणाला, ‘अंदाज.’

पात्राला माहीत नसलेलं खेळाडूने वापरू नये हा सगळीकडचा नियम आहे, पण इतिहासाच्या डावात तो नुसता सांगून पाळला जात नाही. आम्ही उलट केलं. इतिहासाचा मोठा निकाल आधीच पक्का जाहीर केला : कुलाबा पडणार नाही, यावर फासा नाही. उघडं फक्त एवढंच की त्यात आपल्या गलबताचं, आणि त्यावरच्या सहा माणसांचं काय होतं. ते जाहीर झाल्याबरोबर साठेबाजी थांबली. जिंकण्याची काळजी संपली आणि कोण वाचणार ही सुरू झाली.

याच आठवड्यात ‘टाइम प्लीज’ पहिल्यांदा वापरलं गेलं. पकडलेल्या माणसांना कसं वागवलं जातं याचा प्रसंग होता आणि एकाला तो पुढे नको होता. ओटीवर दोन शब्द लिहायचे, कारण द्यायचं नाही, कोणी विचारायचं नाही. प्रसंग तिथेच मिटतो आणि गोष्ट दुसऱ्या दिवसावर जाते. हे मुक्त खेळातही हवं आणि नियमांच्या खेळातही. आम्ही ते जुलैतच ठेवायला हवं होतं.

५ जानेवारी २०२५

हंगाम चालू आहे. नियमांचा कागद आता एका पानात मावतो. पैशांचा खर्च म्हणाल तर कवड्यांचे दीडशे रुपये. सूत्रधाराचा वेळ वीस बाजूंच्या फाशाच्या काळात रोज तासाहून जास्त जात होता, आता खिडकी मिटते त्या संध्याकाळी पाऊण तास.

गुपितांचं कोडं अजून सुटलेलं नाही. कारकून लुटीच्या वहीत काहीतरी फिरवतोय. ते काका आणि मला माहीत आहे, बाकी कोणाला नाही. त्याचा प्रत्येक फासा खाजगीत टाकला जातो आणि निकाल मीच पाहतो. म्हणजे सप्टेंबरातला पंच मागच्या दाराने परत आला आहे, आणि गोलंदाजाला तेव्हा वाटलं तसं उद्या आणखी कोणाला वाटू शकतं. पुढच्या आठवड्यापासून असं करून पाहणार : गुपित कृतीचा फासा उघड्या खोलीतच टाकायचा, पण कशासाठी टाकला ते पाकिटबंद लिहून ठेवायचं आणि गुपित फुटलं की उघडायचं. काकांना पसंत आहे. ताईचं म्हणणं, कारण न देता टाकलेला फासाच सगळ्यांना संशयी करेल, तेव्हा प्रत्येक खिडकीत प्रत्येकाने एक तरी बिनकारणाचा फासा टाकावा. दोन्ही एकदमच लावून बघतोय.